टीव्हीवरची मेंढरं

"सोमवारी दुपारपर्यंत सोळाही चित्रं आली नाहीत, तर पुस्तक मला दुसऱ्या कुणाकडून करून घ्यावं लागेल हं," असं पुण्याच्या संपादकबाई फोनवर फार गोड आवाजात म्हणाल्या, आणि बुधवारी दुपारी माझ्या लॅपटॉपची स्क्रीन गेली. गेली म्हणजे काळीठिक्कर. आतला पंखा घरघरतोय, बटणांखालचा उजेड लागलाय, आणि समोर नुसता तवा.

दिंद्रुडला लग्न होऊन मला चार वर्षं झाली होती. चित्रं मी माहेरापासूनच काढायचे. इथं आल्यावर अंगणवाडीच्या भिंती रंगवल्या, लग्नपत्रिकांवरचे गणपती काढले, दुकानांच्या पाट्यांवर पेरू-डाळिंबं काढली. त्यातल्या कशावरच माझं नाव नव्हतं. हे पहिलंच पुस्तक असं, की मुखपृष्ठावर 'चित्रं' असं लिहून पुढं माझं नाव येणार होतं. हरवलेल्या कोकराची गोष्ट. एक पोरगी ते शोधत हिंडते आणि शेवटी त्याच्या आईपाशी नेऊन सोडते. तेरा चित्रं झाली होती, तीन राहिली होती, आणि सगळ्यांच्या रंगांवर शेवटचा हात फिरवायचा होता. त्या पुस्तकाचं मी अजून माहेरीसुद्धा सांगितलं नव्हतं, दृष्ट लागेल म्हणून.

सासूला आमच्याकडं आत्याबाई म्हणतात. माझ्या आत्याबाई ब्लाउज आणि पिशव्या शिवतात. खिडकीखाली त्यांची पायाची मशीन आहे. सकाळी मशीन त्यांची. दुपारी तिचं डोकं आत पाडलं की वर सपाट फळी होते, आणि मग ती जागा माझी. ह्याबाबत आमचं कधी भांडण झालं नाही. झालं ते चित्रांवरून. कुणी विचारलं, "सून काय करती?" की आत्याबाई म्हणायच्या, "काय करती, बसती बटणं दाबीत. पोट्ट्यांचा खेळ." मी आत भाकरी थापत असायचे. ती भाकरी त्या दिवशी जरा जास्तच आपटली जायची.

पण माणूस एकाच बाजूचं नसतं. लॅपटॉप मांडीवर घेतला की तापतो, असं मी एकदा नुसतं बोलले होते, तर ह्याच आत्याबाईंनी ब्लाउजांच्या उरलेल्या चिंध्यांची त्याला मापात बसणारी छोटी गोधडी शिवून दिली. एका कडेला सहा पिवळी फुलं. "लई ताव येतो त्याला, पाय भाजतील," म्हणाल्या. तेव्हापासून लॅपटॉप मशीनवर असो, बाजेवर असो की खाली फरशीवर, त्याच्याखाली गोधडी असायचीच. मंगळवारी बाजेवर बसले असताना तो गोधडीसकट मांडीवरून घसरला. आत्याबाईंनी उडी मारून झेलला, मला चांगलं झापलं, आणि "हिला चार टाके घालते," म्हणून गोधडी घेऊन गेल्या. संध्याकाळी आणून दिली. मी बघितलंसुद्धा नाही काय केलंय ते.

तर बुधवारी स्क्रीन गेली. आमच्या ह्यांचं बाजारात खत-बियाण्याचं दुकान आहे. फोन केला तसे ते धावत आले आणि त्यांना येत होता तेवढा सगळा इलाज त्यांनी केला. बंद करून चालू केला. परत बंद करून परत चालू केला. फुंकर मारली. बिजागरी हलवून बघितली. मग बीडच्या लॅपटॉप दुरुस्तीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "स्क्रीनवर टॉर्च मारून बघा, आत पुसट काही दिसतंय का." काही दिसलं नाही. "मग टीव्हीला जोडून बघा."

ह्यांनी लॅपटॉप गोधडीसकट टीव्हीपाशी नेला, सेटटॉप बॉक्सची वायर काढून त्याला लावली, आणि आमच्या बैठकीतल्या टीव्हीवर माझं कोकरू उगवलं. मी टाळ्याच वाजवल्या.

"म्हणजे मशीन चांगली हाय," फोनवरून दुरुस्तीवाला म्हणाला. "स्क्रीन गेली नाहीतर बिजागरीतली वायर. दोन दिस मी बाहेरगावी हाय, शनिवारी आणा. पार्ट पुण्याहून मागवावा लागंल, चार-पाच दिवस धरा."

चार-पाच दिवस! माझ्याकडं सोमवार दुपारपर्यंतचाच वेळ होता. टीव्हीवर रेघा काढता येत होत्या, पण रंगांचा भरवसा नव्हता. गवत असं पोपटी दिसायचं की शेळीनं तोंड लावू नये. टीव्हीवर बघून रंग भरले असते, तर पुण्यात काय दिसलं असतं देव जाणे. म्हटलं, आधी तीन चित्रं तर काढू, रंगांचं पुढं बघू.

खरी अडचण चारला आली. चारला आत्याबाईंची मालिका. टीव्हीवर कोकरू बघून त्या दारातच थांबल्या. "हे कवर चालणार?"

"सोमवारपर्यंत, आत्याबाई."

त्या सुपात तुरीची डाळ घेऊन नेहमीच्या जागी टीव्हीसमोर बसल्या आणि डाळ निवडू लागल्या. मालिका नसली तरी चारला त्यांना तिथं बसायचंच होतं, हट्टच तो. मी खाली फरशीवर, गोधडीवर लॅपटॉप, मान वर करून टीव्हीत बघतेय. दहा मिनिटांनी मागून आवाज आला.

"हे कापसाचं बोचकं काय काढलंस गं?"

"मेंढी हाय ती."

"मेंढी? अगं माय! अन् हे कान असे उभे कावून? कुत्रं हाय का ते?"

माझ्या नाकावर राग असतोच. पण उत्तर द्यायच्या आधी मला आठवलं, की आत्याबाईंचं माहेर मेंढरांचं. लग्नाआधी त्या गेवराईकडच्या गोदाकाठानं बापाच्या मागं मेंढरं घेऊन हिंडलेल्या. आणि मी मेंढ्या कुठून काढल्या होत्या? इंटरनेटवरून. गोऱ्या, गुबगुबीत, कुठल्या देशातल्या कोण जाणे.

"मग कसे असतात कान?" मी विचारलं.

"पडलेले. अन् लोकर अशी फुगत न्हाई, बसती अंगाला. अन् पाय बारीक कर, आपली मेंढी लई चालती."

कान पाडले. लोकर बसवली. पाय बारीक केले. टीव्हीवर हळूहळू एक मेंढी उभी राहिली, जी मी रोज रस्त्यानं जाताना बघत होते आणि कधी नीट बघितलीच नव्हती. मागं डाळ निवडायचा आवाज थांबला होता. बाकीच्या तेरा चित्रांतल्या मेंढ्यांचेही कान पाडावे लागणार, हे ध्यानात येऊन मी कपाळावर हात मारला.

गुरुवारी एक गंमत झाली. सकाळी गोधडी अंथरली, वर लॅपटॉप ठेवून चालू केला, आणि स्क्रीन आपोआप उजळली. मी अशी ओरडले, की हे दुकान उघडं टाकून पळत आले. ते येईस्तोवर मी सगळं नीटनेटकं करून ठेवलं. गोधडी उलटी अंथरली गेली होती, पिवळी फुलं पलीकडं गेली होती, ती फिरवून माझ्याकडं घेतली, वर लॅपटॉप ठेवला. हे आले आणि स्क्रीन काळी.

"तू उन्हात बसू नकोस जास्त," हे म्हणाले आणि परत गेले.

शुक्रवारी शेवटचं चित्र घेतलं. कोकरू सापडलंय, मेंढी त्याचं तोंड चाटतेय, पोरगी हसतेय. मला ते फार आवडलं होतं. आत्याबाईंनी बराच वेळ बघितलं.

"खोटं हाय हे," त्या म्हणाल्या.

"आता काय झालं?"

"मेंढी तोंड बघती व्हय? तोंडं सगळी सारखीच. कोकरू दूध प्यायला आत शिरतं, अन् आई मागं मान वळवून त्याची शेपटी हुंगती. वास पटला तर पिऊ देती, न्हाईतर लाथ." बोलता बोलता त्यांनी सूप बाजूला ठेवलं, लोडाला कोकरू केलं आणि मान वळवून हुंगून दाखवलं. "आमी संध्याकाळी पिल्लं सोडायचो तवा दीड-दोनशे आया अशा हुंगत उभ्या असायच्या. एक चुकायची न्हाई."

मी चित्र पुसलं आणि परत काढलं.

शनिवारी लॅपटॉप घेऊन एसटीनं बीडला गेले. दुकानात आमच्या ह्यांच्या वयाचा एक शांत माणूस बसला होता. त्यानं बटण दाबलं आणि स्क्रीन लख्ख लागली. पहिल्या दणक्यात. त्यानं बिजागरी पुढं-मागं केली, कोपरे दाबले, तीनदा बंद-चालू केला.

"बाई, ह्याला झालंय काय?"

"घरी दिसत न्हाई हो! खरंच!"

"दिसतंय की."

आजारी पोराला दवाखान्यात न्यावं आणि त्यानं तिथं खिदळत फिरावं, तशी माझी गत झाली. दुरुस्तीवाल्याला वाटलं, वायर ढिली असेल, प्रवासात बसली असेल. पुस्तक हातचं गेलं नाही म्हणून मी आनंदात घरी आले. गोधडी टाकली, लॅपटॉप ठेवला, चालू केला. काळा!

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. आत्याबाई माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "जाऊ दे गं. पोट्ट्यांचंच पुस्तक हाय. दोन दिस उशिरा गेलं तर काय बिघडतंय?"

त्या समजूत घालत होत्या, हे आज कळतं. तेव्हा मी भडकले. "तुमाला खेळ वाटत असंल! माझं नाव येणार होतं त्याच्यावर. तुमाला काय कळतंय त्यातलं?"

त्यांनी पाठीवरचा हात काढला आणि आत गेल्या. जिनं माझ्या मेंढ्यांना कान दिले, पाय दिले, तिला मी हे बोलले. शब्द तोंडातून बाहेर पडताक्षणी मला माझीच लाज वाटली, पण माफी मागायला जीभ उचलली नाही.

रविवारी सकाळी त्या गुपचूप मशीनवर बसल्या होत्या. मी खाली टीव्हीसमोर, लॅपटॉप न उघडताच. त्यांच्या हातातून सुई पडली. सुई पडली की आमच्या घरात सगळं थांबतं, कारण कुणाच्या पायात जाईल सांगता येत नाही. दोघी शोधू लागलो. सुई सापडली ती माझ्या गोधडीच्या कोपऱ्यात. लॅपटॉपच्या कडेला, पिवळ्या फुलावर, सरळ उभी. मी उचलायला गेले तर ती निघेना.

"आत्याबाई, ही चिकटली कशाला?"

"बटण हाय की आत."

"कसलं बटण?"

"पर्सला लावतो ना, एकमेकाला चिकटतं ते. मंगळवारी तुजा लॅपटॉप पडता पडता वाचला. मनलं, लोखंडाचा असंल, बटणं घातली की बसंल धरून. म्हणून फुलांकडच्या दोन्ही कोपऱ्यांत घातली."

मी लॅपटॉप उघडून चालू केला. काळा. गोधडीवरून उचलला. स्क्रीन लागली. ठेवला. गेली. उचलला. लागली. मी तडक बीडला फोन लावून सगळं सांगितलं. तो शांत माणूस एवढा हसला, की फोन दूर धरावा लागला.

"अहो, झाकण लागलं का न्हाई, ते लॅपटॉपला चुंबकावरनंच कळतं. झाकणात असतंच एक बारीक. खालून तुमचं चुंबक लागलं, त्याला वाटलं झाकण लावलंय. केली स्क्रीन बंद."

"पण टीव्हीवर कसं चालायचं मग?"

"झाकण लावलं तरी चालू राहावं, अशी सेटिंग केलीय का?"

केली होती. कापसाच्या दिवसांत धूळ येते म्हणून झाकण लावून गाणी लावायची मला सवय. बीडला जाताना गोधडी बॅगेत मावत नव्हती म्हणून घरी राहिली. गुरुवारी गोधडी उलटी होती, बटणं पलीकडं गेली होती. सगळं एका झटक्यात उलगडलं.

आत्याबाईंनी कात्री घेतली, मान खाली घालून टाके उसवले आणि दोन्ही बटणं तळहातावर घेतली. "माज्यामुळंच झालं की गं," त्या अगदी हळू म्हणाल्या.

"आत्याबाई, काल मी जे बोलले..."

"ते ऱ्हाऊ दे. आधी त्या नवव्या चित्रातला कान बघ. डावा अजून उभाच हाय."

मी हसत होते की रडत होते, मलाच कळेना. दिवसभर बसून रंग पुरे केले. स्वयंपाकघरात त्या दिवशी मला कुणी पाऊल ठेवू दिलं नाही. सोमवारी अकराला चित्रं गेली.

मंगळवारी सकाळी संपादकबाईंचा फोन आला. मी फोनचा स्पीकर मुद्दाम लावला. "चित्रं छान आहेत," त्या म्हणाल्या. "पण शेवटचं चित्र! ती वळून शेपटी हुंगणारी मेंढी! हे तुम्हाला कसं सुचलं?"

"मला न्हाई सुचलं," मी म्हटलं. "माझ्या सासूबाईंना ठाऊक होतं." खिडकीखाली मशीनवरचा आत्याबाईंचा पाय थांबला.

त्या दुपारी मी खिडकीपाशी मशीनच्या फळीवर लॅपटॉप ठेवून त्यात नवीन कागद उघडून बसले होते. स्क्रीन आता ठणठणीत होती. चारच्या सुमाराला शेजारची बाई ब्लाउजचं माप द्यायला आणि मालिका बघायला आली. आत्याबाईंच्या हातात टीव्हीची वायर होती.

"आज शिरेल न्हाई," त्या दारातूनच म्हणाल्या. "उद्या ये. सुनेचं काम चालू हाय."

मग माझ्याकडं वळल्या. "ही कुठं घालायची गं?"

मी लॅपटॉप गोधडीसकट उचलला, टीव्हीसमोर खाली बसले आणि त्यांना वायरीची जागा दाखवली.