दोनशे वॅटचा बल्ब

ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. बायकोला नाही, भावाला नाही. आईला तर नाहीच – ती गेली तेव्हाही माझ्या तोंडून निघाली नाही. बाकी मी बोलका माणूस. गावातला पहिला पदवीधर, शेतकीचा. कुठंही उभं केलं तर अर्धा तास बोलतो, आणि त्यातला निम्मा वेळ आमच्या घराविषयी. ते अभिमानानंच सांगतो, का सांगू नये?

नाशिकच्या वेशीबाहेर आमचा मळा, दीड एकराचा. दोन खोल्या, वर पत्रा. आई पहाटे पाटी डोक्यावर घेऊन पंचवटीच्या बाजारात जायची. पण आमचा टोमॅटो बाजारात सगळ्यांच्या शेवटी यायचा. नाशिकची थंडी तुम्हाला माहीत असेल. वाफ्यात बी टाकलं की पंधरा-पंधरा दिवस मातीत निजून राहायचं, कुजायचं. मग दुसऱ्यांच्या मळ्यात उरलेलं, वाकडं-तिकडं रोप मागून आणायचं. आमचा माल निघेपर्यंत बाजार भरून गेलेला. आई पाटी तशीच परत आणायची आणि रात्री तोच टोमॅटो आमच्या ताटात. मला अजून टोमॅटोची भाजी गोड लागत नाही.

हे बदललं ते माझ्या शिक्षणानं, असं मी भाषणात सांगतो. खरं सांगू? ते बदललं सुमनवहिनीनं.

वहिनी नामपूरकडची. पाचवी शिकलेली. लग्न होऊन आली त्याच वर्षी तिनं टोमॅटोचं बी ओल्या फडक्यात बांधून चुलीमागच्या कोनाड्यात ठेवलं. मिरचीची पुरचुंडी वेगळी, कारण मिरचीला दुप्पट दिवस लागतात. दिवसातून चारदा उलटा हात लावून ऊब बघायची. आई म्हणाली, "बी हाय का तान्हं बाळ?" वहिनी तिच्या बोलीत म्हणाली, "जित्तं शे ना, आत्याबाई." म्हणजे, जिवंत आहे ना. चौथ्या दिवशी फडकं उघडलं तर प्रत्येक दाण्याला पांढरं टोक. त्या वर्षी आमचा टोमॅटो बाजारात पहिला गेला. त्या टोमॅटोवर माझं कॉलेज झालं.

मी पदवी घेऊन आलो आणि म्हणालो, आता हे शास्त्रशुद्ध करायचं. मागच्या खोलीत लाकडी पेटी केली, आतून थर्माकोल, वर झाकण, आत साठ वॅटचा बल्ब. प्लॅस्टिकचे ट्रे आणले. आजूबाजूच्या सात शेतकऱ्यांनी विश्वासानं आपलं महागाचं बियाणं माझ्याकडं रोपं करायला दिलं – कुणाचा टोमॅटो, कुणाची ढोबळी मिरची. सात ट्रे, प्रत्येकावर नावाची चिठ्ठी. हा माझा पहिला हंगाम. हा फसला असता तर पुन्हा कोण देणार होतं?

त्याच आठवड्यात गावानं माझा सत्कार ठेवला. शाळेच्या पटांगणात, मंडप घालून.

थंडी कडाक्याची होती. लोडशेडिंगमुळं आमच्याकडं रोज सकाळी नऊला लाइट जायची ती थेट तीनला यायची. मी विचार केला – जाण्याआधी पेटी चांगली तापवून ठेवू, मग सहा तास ऊब टिकेल. म्हणून आठ वाजता साठचा काढून दोनशेचा बल्ब लावला. नऊला लाइट जाईल, बल्ब आपोआप बंद होईल. बंद करायला माणूस कशाला हवं? लोडशेडिंग होतंच की!

त्या दिवशी लाइट गेलीच नाही. कुणा मंत्र्याचा दौरा होता म्हणे.

आणि मला ते कळलं नाही असं नाही – इथंच तर सगळं आहे. साडेनऊ झाले, दहा झाले, लाउडस्पीकर खणखणीत चालू होता. शेजारचे आप्पा म्हणाले, "तुझ्या पायगुणानं लाइट बी गेली नाय बघ!" मी हसलो. आणि मग आठवलं – बल्ब! घर सायकलवर दहा मिनिटांवर होतं. उठून जाऊन आलो असतो तर? पण माझं नाव अजून पुकारलं नव्हतं. शाल यायची होती. आई पहिल्या रांगेत नवं लुगडं नेसून बसली होती. मी बसून राहिलो. अकरा वाजले. नाव पुकारलं. मी भाषणही केलं – शेतीत शिस्त हवी, या विषयावर.

घरी धावत आलो तर पेटीचं झाकण उघडं. बटण बंद. एक ट्रे खिडकीखाली काढून ठेवलेला, त्यावर ओलं पोतं. बाकीचे सहा ट्रे हाताला चटका लागेल इतके गरम.

वहिनी मागच्या अंगणात बसली होती. तिचे ते चार दिवस होते. आमच्याकडं तेव्हा बाई बाहेर बसली की बियाण्याला, रोपाला शिवायची नाही. म्हणून तर ती सत्काराला आली नव्हती. ती म्हणाली, "भाऊजी, पेटीमागची भिंत लय तापली होती. घरात कोणीच नाही. शेवटी मीच शिवले. एकच ट्रे काढता आला, मग चक्कर आली."

मी म्हणालो, "बरं."

एवढंच. मग आत जाऊन दोनशेचा बल्ब काढला, साठचा लावला आणि मोठा बल्ब माझ्या ट्रंकेत, पदवीच्या कागदाखाली ठेवला.

दहा दिवस झाले. सहा ट्रे कोरे. खिडकीतला एक ट्रे तेवढा हिरवागार. शेतकरी अंगणात येऊन उभे राहिले. आईनं सगळ्यांदेखत विचारलं, "खोलीत कोण गेलं होतं?"

वहिनी म्हणाली, "मी गेले होते. सत्काराच्या दिवशी." आणि माझ्याकडं पाहिलं. पुढचं मी सांगणार, असं तिला वाटलं.

आई कडाडली. "बाहेर बसलेली असताना? अगं सहा घरांचं बी जाळलंस!" मग माझ्याकडं वळली, "तू शिकलेला. तू सांग, शिवल्यानं असं होतं का?"

मला उत्तर माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. मी म्हणालो, "पुस्तकात तसं नाही. पण जुनी माणसं म्हणतात, तर काहीतरी असेलच."

शेतकऱ्यांनी माना डोलावल्या. शिकलेल्या माणसानं सांगितलं म्हटल्यावर प्रश्नच मिटला. खिडकीतला ट्रे का वाचला? तर त्याला वहिनी शिवली नसणार! जो एकच ट्रे तिनं दोन्ही हातांनी उचलला होता, तो.

शेतकऱ्यांनी मला पुन्हा बियाणं दिलं. माझी रोपवाटिका वाढली, शेड झाली, नावाची पाटी लागली. वहिनी त्या खोलीत पुन्हा आली नाही. आईनं येऊ दिलं नाही, आणि मी बोललो नाही. माझं बघून आसपासच्या मळ्यांतही रोपांवर कामाला येणाऱ्या बायकांना दर महिन्याला चार दिवस घरी बसवायला लागले. 'साहेब स्वतः म्हणाले' असं सांगून.

वहिनीनं एकदाच विषय काढला, जेवण वाढताना. "तुमचं नाव लाउडस्पीकरवर ऐकलं ना भाऊजी, तेव्हा ट्रे हातात होता माझ्या. लय बरं वाटलं." मी खाली मान घालून जेवलो. तिनं बल्ब पाहिला होता. ते तिनं कधीच कुणाला सांगितलं नाही.

पुढं भाऊ वेगळा राहू लागला. वहिनीनं तिच्या स्वयंपाकघरात पुन्हा फडकं ओलं केलं. आधी एक पुरचुंडी, मग दहा, मग ट्रे. तिच्याकडं बल्ब साठचाच आहे आणि तो बंद करायला माणूस ठेवलेलं आहे.

मी शिकलो, ते तिच्या हातच्या रोपांवर. त्याच हाताला मी बट्टा लावला, आणि तो लावताना मला पूर्ण शुद्ध होती. बल्ब अजून ट्रंकेत आहे. गेल्या महिन्यात लावून पाहिला. लागतो.

आज आमच्या पट्ट्यात मिरचीचं रोप घ्यायचं तर लोक माझ्या शेडवरून पुढं, वहिनीच्या शेडवर जातात. तिथं अकरा बायका कामाला आहेत. महिन्याचे सगळे दिवस येतात, सगळ्या ट्रेंना हात लावतात. बी उगवतं.