दुपारचं मैदान

बोलता बोलता ती मध्येच खुर्चीच्या दोन्ही चाकांवर हात रोवायची आणि सगळं अंग वर उचलायची. थोडा वेळ तशीच अधांतरी राहायची, मग हळूच खाली बसायची आणि बोलणं जिथं तुटलं तिथून पुढं सुरू. नवीन माणसाला वाटायचं, ही आता निघाली. मग तोही उठायचा, चपला शोधायला लागायचा.

"बसा हो," ती म्हणायची. "मी कुठं जायलेय? मायनं चहा टाकलाय."

कमरेखालची जाणीव गेलेल्या माणसाला एका जागी बसून राहणं परवडत नाही. कातडी दबून जखम होते आणि ती होताना कळत नाही. म्हणून दर थोड्या वेळानं असं उचलून घ्यावं लागतं. हे मला नोकरीला लागल्यावर कळलं. तुम्हीही रस्त्यात चाकाच्या खुर्चीतली माणसं पाहिली असतील. आपण बघतो आणि बघितलं नाही असं दाखवतो. मीही तेच करायचे.

पूर्वी ती वाळूजला एका कंपनीत लाइनवर कामाला होती. घरात महिन्याला येणारा पगार तिचा एकटीचा. बाकी वडिलांची, आबांची, थोडी कोरडवाहू जमीन. एका पहाटे शिफ्टची बस चुकली म्हणून शेजाऱ्याच्या मोटारसायकलवर बसून निघाली आणि खडीवर गाडी घसरली. शेजाऱ्याचं खरचटण्यावर निभावलं. हिचा मणका गेला. दवाखान्यात आधी म्हशी गेल्या, मग जमिनीचा रस्त्यालगतचा तुकडा. पडेगावच्या दोन खोल्यांतली बाहेरची खोली तिच्या खाटेनं अडली. भेटायला येणारे पाहुणे तिच्यादेखत मायला विचारायचे, "हिचं आता कसं करायचं वो?" तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून घ्यायची. तेही मायला सांगूनच, कारण तिला स्वतःला कूस बदलता येत नव्हती.

हे सगळं तिनं मला हसत हसत सांगितलं होतं. मला हसू आलं नव्हतं.

आमच्या खुलताबादकडच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. ते मी लपवत नाही, चांगलं मिरवते. शहरातल्या एका संस्थेत नोकरी लागली तेव्हा आख्ख्या गल्लीत पेढे वाटले. काम होतं अपंग मुलामुलींना मैदानावर आणायचं. कागदावर आम्ही 'दिव्यांग' लिहायचो. ती स्वतःला नुसतं 'बसलेली' म्हणायची.

पहिल्यांदा तिच्या घरी गेले तेव्हा दारात पाऊल टाकणार तेवढ्यात अर्धी वीट माझ्या समोरून सूं करत गेली आणि कुंपणाजवळ आपटली. अंगणात वाळत घातलेल्या ज्वारीला तोंड लावणारी शेळी उधळली. खुर्चीतून आवाज आला, "तुमाला नाय वो ताई, शेळीला."

शेळी वाचली, मीही वाचले. पण वीट गेली होती ते अंतर मी परत परत बघत राहिले. चहा यायच्या आधीच मी तिला गोळाफेकीचं सांगून टाकलं. बसून फेकायची स्पर्धा असते, राज्याची असते, देशाचीही असते.

"बसून?" तिनं विचारलं.

"बसूनच."

"मग थांबायचं कशापायी?"

हे तिचं ठरलेलं वाक्य. बस उशिरा आली, डॉक्टर जेवायला गेले, पाऊस लागला, काहीही झालं तरी ती हेच विचारायची.

बसून गोळा फेकायचा म्हणजे नुसती खुर्ची चालत नाही. लोखंडी चौकट लागते. तिच्यावर खेळाडूला बसवायचं, मांड्या पट्ट्यांनी बांधायच्या आणि चौकट हलू नये म्हणून जमिनीत खुंट्या ठोकून तीही चारी बाजूंनी ताणून बांधायची. आबांनी ओळखीच्या वेल्डरकडून चौकट करून आणली. नियम असा की फेकताना बूड बैठकीवरून सुटता कामा नये. आणि हिला तर अंग उचलायची सवय लागलेली. पहिले कितीतरी दिवस तिचा प्रत्येक गोळा लांब जायचा आणि प्रत्येक गोळा बाद व्हायचा.

"जलमभर म्हनले, उठ गं बाई," ती घाम पुसत म्हणाली. "आन् आता उठाया लागले तर फाऊल व्हय?"

मैदान एका शाळेचं होतं. तिथले क्रीडाशिक्षक, आम्ही सगळे त्यांना सरच म्हणायचो, भला माणूस. ते म्हणाले, "सकाळ-संध्याकाळ पोरांची गर्दी असते. तुमची बांधाबांध व्हायला वेळ लागतो. दुपारी मैदान मोकळं असतं, तुम्हाला कुणाचा त्रास नाही." मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "दुपारच बरी."

का, ते मी पहिल्या दिवशीच पाहिलं. आबा तिला खुर्चीतून चौकटीवर उचलून ठेवायचे. तान्ह्या लेकराला घ्यावं तशी एक हात पाठीखाली, एक गुडघ्याखाली. तेवढा वेळ ती डोळे घट्ट मिटून घ्यायची. बसवलं, बांधलं की मग उघडायची. लोकांसमोर हे तिला नको होतं. सरांना मैदान मोकळं हवं होतं, तिला माणसांवाचून हवं होतं, आणि सगळ्यांचं जमलं.

चैत्र लागला. आमच्याकडचं ऊन तुम्हाला सांगायला नको. माय बैठकीवर गोणपाट दुहेरी करून अंथरायची, वर ओलं फडकं टाकायची. हात भाजतात म्हणून तिनं गोळाही सावलीत ठेवायला लावला होता. राज्य स्पर्धा जवळ आली होती, गोळा चांगला जात होता आणि ती थांबायला तयार नव्हती. "अजून एक" म्हणायची. मग "अजून एकच."

चौकटीच्या बाजूचा दांडा उघडा होता. तिची पिंढरी त्याला टेकून राहिली. तिला कळायचं कारणच नव्हतं, आणि साडीच्या आत आम्हाला दिसलं नाही. संध्याकाळी अंग पुसताना मायनं किंकाळी फोडली. पोळी तव्याला चिकटावी तशी कातडी गेली होती.

स्पर्धा गेली. पुढचे कितीतरी आठवडे ती पालथी पडून होती. कोपरं टेकवून मान वर काढायची, पुन्हा खाली टाकायची. बोटं खाटेच्या लाकडावर सारखी वाजत राहायची. मी जायचे, बसायचे, उठून यायचे. संस्थेत विचारायचे, मुलीचं काय झालं, आणि मी सांगायचे, बरी आहे. घरी येऊन झोप लागायची नाही.

एके दिवशी ती उशीत तोंड ठेवूनच म्हणाली, "ताई, पाय भाजला त्याचं काय नाय. मला तो दिसतो तरी कवा. पन मी उन्हात गेले कशापायी, सांगा?"

मग तिनंच सांगितलं,

"आबांनी उचलल्यालं कोनी बघू नये म्हनून. दुसरं काय? आता संध्याकाळी जायाचं. सरांस्नी सांगा."

जखम भरायला पावसाळा लागला. भरल्यावर आम्ही सरांकडे गेलो. सर अडखळले. "माझा विरोध नाही हो. पण भालाफेकीची पोरं येतात, तुमच्या खुंट्या ठोकेपर्यंत त्यांनी उभं राहायचं का?"

"मग उभी राहू द्या की सर," ती म्हणाली. "त्यांना येतंय उभं राहायला."

सर हसले नाहीत. मला वाटलं, संपलं. ती चाकांवर हात रोवून वर झाली, तशीच वर राहून बोलली, "मी दुपारी आले, तुमाला त्रास दिला नाय. माझा पाय गेला असता सर. आता थोडा त्रास तुमी घ्या."

सरांनी मैदानाकडे बघितलं. मग म्हणाले, "उद्या या."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मैदान भरलेलं होतं. धावणारी पोरं, कबड्डीवाले, कुंपणाला टेकलेल्या बाया. आबांनी चौकट लावली, खुंट्या ठोकल्या आणि तिच्यासमोर येऊन उभे राहिले. त्यांचे हात पुढं होईनात. भालावाली पोरं गोळा झाली होती. एक जण दुसऱ्याला म्हणाला, "किती टाइम लागतोय रे?"

"उचला ना आबा," ती म्हणाली.

आबांनी उचललं. तिचे डोळे उघडे होते. अधांतरी असतानाच ती पोरांकडे वळून म्हणाली, "नीट बघून घ्या रं. आबांची कंबर धरली तर उद्या तुमालाच उचलायचंय."

एक पोरगं हसलं, मग सगळी हसली. ज्यानं टाइम विचारला होता तोच पट्टा ताणायला पुढं आला. त्यानं तो उलटा अडकवला आणि तिच्याकडून शिव्या खाल्ल्या. त्या दिवशीचा पहिला गोळा बाद झाला. दुसराही. तिसरा गेला.

पुढच्या राज्य स्पर्धेला ती गेली. पदक नाही मिळालं. परतताना पडेगाव आलं तेव्हा एवढंच म्हणाली, स्पर्धेतल्या बाकीच्या बायांना रोज शिकवायला मास्तर असतो. त्यानंतर ती पुण्याला गेली. तिथं बसून खेळणाऱ्यांची राहायची सोय आहे, सकाळी सराव आणि दिवसा एका कार्यालयात फोनवरचं काम. माय महिन्यातून एकदा जाऊन येते. मला कधी फोन येतो. घाईतच असते, मध्येच ठेवते. बाहेरच्या खोलीतली खाट काढली. तिथं आता आबांची सायकल असते. ती खोली इतकी मोठी आहे हे मला माहीत नव्हतं.

संस्थेचं वर्ष संपलं तेव्हा मला सगळ्यांसमोर कामाचं काय झालं ते सांगायचं होतं. मी सांगायला उठले, आणि सारखी ती पालथी पडलेली आठवत राहिली. कसंबसं सांगितलं. किती जणींना घराबाहेर आणलं त्यापेक्षा किती जणी अजून आतल्या खोलीत आहेत तेच मनात येत होतं. अजूनही येतं.

पण झालं ते झालंच, आणि ते साधं आहे. सरांनी मैदानाच्या भालाफेकीच्या कोपऱ्यात सिमेंटमध्ये चार लोखंडी कड्या पक्क्या बसवून घेतल्या. आता खुंट्या ठोकाव्या लागत नाहीत. वाळूजची एक मुलगी आणि खुलताबादचे दोघं भाऊ बसून फेकायला येतात, ते संध्याकाळी, सगळ्यांबरोबर. दुपारच्या उन्हात त्या मैदानावर कुणालाच सोडत नाहीत.