पट्ट्याबाहेरचे तीन फूट

आर्वीतलं घर आमचं होतं, पण त्याखालची जमीन सरकारची, म्हणजे नझूलची. आजोबांनी ती तीस वर्षांच्या पट्ट्यावर घेतली होती आणि सत्तरचं दशक संपता संपता ती तीस वर्षंही संपत आली. मुदत वाढवून घेतली नाही तर भिंती आमच्या आणि भुई सरकारजमा, असा पेच होता. बाबा नुकतेच कापसाच्या जिनिंगमधून रिटायर झाले होते. अर्ज भरायचं काम त्यांनी माझ्यावर सोपवलं, कारण मी बी.कॉम. झालो होतो आणि त्यापलीकडे काही करताना मला घरात कोणी पाहिलं नव्हतं.

अर्जात जागेच्या लांबी-रुंदीचा रकाना होता. जुन्या पट्ट्यावर दोन्ही लिहिलेली होती, नुसती उतरवायची. पण शिकलेला माणूस नक्कल मारतो का? मी समोरच्या शिंप्याचा टेप आणला. तो पाच फुटी. तेरा वेळा लावून, घामाघूम होऊन मी घर मोजलं, मागच्या भिंतीपासून थेट ओट्याच्या कडेपर्यंत. आमच्याकडे घर ओट्यापासूनच सुरू होतं. ओट्यावर बसलेल्या माणसाला आम्ही ‘घरीच आहे’ म्हणतो. त्रेसष्ट फूट भरलं. सुवाच्य अक्षरात लिहिलं, खाली रेघ मारली आणि ऑफिसात देऊन आलो.

पट्ट्यात साठच फूट होते.

पंधरा दिवसांनी नोटीस आली. अर्जदाराने स्वतःच कबूल केल्याप्रमाणे तीन फूट अतिक्रमण दिसते. जागेवर येऊन मौका पाहणी होईल. अतिक्रमण पाडल्याशिवाय मुदतवाढ नाही.

बाबांनी नोटीस दोनदा वाचली आणि चष्मा काढला.

“तुले कोनं सांगतलं होतं मोजाले?”

“खरी माहिती द्या, असं लिहिलं होतं त्यात.”

“मंग माया बुटाचा नंबरई लिवून द्याचा होता.”

आई आतून म्हणाली, “आता त्याले काऊन बोलून राह्यले? तुमीच सांगत फिरत होते, पोरगं लय हुशार हाये म्हनून.”

बाबांनी नोटीस घडी घालून खिशात टाकली. उठून ओट्यावर जाऊन बसले. नोकरी सुटल्यावर माणसाला रोज जायला एक जागा लागते, आणि त्यांची ती उंबऱ्यापासून एका पावलावर होती. सकाळी पेपर घेऊन जायचे ते जेवायलाच आत यायचे. पुन्हा चारला हजर. आता एकतर ओटा पाडायचा, नाहीतर घराखालची जमीन सोडायची. आणि हे सगळं माझ्या टेपमुळे.

पाहणीच्या दिवशी मे महिन्याचं ऊन होतं. ओटा नझूलच्या साहेबांच्या डोळ्यांत भरू नये म्हणून आईने त्याच्यावर लुगडं अंथरून कुरड्या पसरल्या. ओट्यावर कडुनिंबाची गार सावली होती, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. सावलीत कुरड्या वाळत घालणारं घर साहेबांनी पहिल्यांदाच पाहिलं असावं. त्यांनी लुगड्याचा कोपरा दुमडला आणि तिथेच बसले.

“आत बसा न साहेब, कुलर हाये,” मी म्हणालो.

“इथंच बरं वाटते.” आईच्या हातचं पन्हं पिऊन त्यांनी ओट्यावर थाप मारली. “मस्त ओटा आहे तुमचा.”

आता अशा वेळी आमच्याकडे कोणीही जे म्हणेल, तेच बाबा सवयीने म्हणाले, “आमचा कायचा साहेब? गावाचा ओटा हाये. कोनी याव, कोनी बसाव.”

हे म्हणायचं असतं. कोणी मनावर घ्यायचं नसतं. साहेबांनी घेतलं. पेन काढलं.

“म्हणजे तुमच्या ताब्यात नाही?”

बाबा मान हलवून ‘तसं नाई’ म्हणणारच होते. पण माझी उरलीसुरली हुशारी नेमकी तेव्हाच जागी झाली. “नाई साहेब, आमचा काहीच संबंध नाई.”

“मग तसा पंचनामा करू. हद्दीबाहेरचा ओटा सार्वजनिक वापरात आहे, पट्टेदाराचा त्यावर दावा नाही, म्हणजे त्याचं अतिक्रमणही नाही. दोन पंच आणा.”

पहिला शिंपी. त्याने मशीनवरून उठून सही ठोकली. दुसरा पंच शोधताना त्या उन्हात एकच दार उघडं सापडलं, बाजूच्या रिटायर गुरुजींचं. बाबांची आणि त्यांची दोन वर्षं बोलचाल बंद होती. इलेक्शनात इंदिराबाईंवरून वाद झाला तेव्हा बाबांनी त्यांना भर रस्त्यात ऐकवलं होतं, “आजपासून माया ओट्यावर पाय ठेवजो नोको!”

गुरुजींनी पंचनामा उत्तरपत्रिका तपासावी तसा वाचला. मग पुन्हा वाचला.

“सार्वजनिक?”

“हो,” बाबा भिंतीला म्हणाले.

“कोनालेबी बसता येते?”

“लिवलं हाये न त्यात.”

“तुमच्या तोंडून आयकतो.”

साहेबांनी घड्याळ पाहिलं. बाबा म्हणाले, “येते.”

“मलेबी?”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्या वेळी एक कुरडई फार बारकाईने न्याहाळत होतो.

“तुमालेबी.”

गुरुजींनी सही केली, वडिलांच्या नावासकट, ठळक अक्षरांत.

पुढच्या तीस वर्षांचा कागद दोन महिन्यांनी आला. गुरुजी काही तेवढे थांबले नाहीत. दुसऱ्याच दिवशी सकाळी, बाबा पेपर घेऊन दारात आले तर बाबांच्याच जागी, खांबाला टेकून, गुरुजी बसलेले.

बाबांनी उंबऱ्यातच पेपरची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. आत आई आणि मी दाराआड कान देऊन.

“सरका जराक,” बाबा शेवटी म्हणाले.

“काऊन? पब्लिकचा ओटा हाये.”

“म्हनूनच म्हनून राह्यलो. मीई पब्लिकच हावो न.”

गुरुजींनी थोडा विचार केला. मग वीतभर सरकले आणि पेपरचं मधलं पान मागून घेतलं.