शेवटाआधी उठणारी

टीव्हीवर आमच्या पुस्तकाची मालिका लागली ते मी पहिल्याच भागात ओळखलं. आमच्या म्हणते, पण पुस्तक काही आमचं नव्हे. कुणी लिहिलं तेही ठाऊक नाही. मी शाळेत गेलेले नाही. मुलगा पहिलीत गेला तेव्हा त्याच्या पाटीशेजारी बसून अक्षरं गिरवली. तो पुढच्या इयत्तेत गेला आणि मी त्याच पुस्तकावर राहिले, पण हळूहळू लागलं वाचता. मग घरधनी जव्हारच्या बाजाराला गेले की रद्दीवाल्याकडून काहीबाही आणायचे. त्यातलंच हे एक. मुखपृष्ठ नाही, पुढची पानं उंदरांनी नेलेली. त्यामुळे आमच्यापुरती गोष्ट सुरू व्हायची तेव्हा माणूस आधीच नाहीसा झालेला असायचा.

गोष्ट अशी, की एका बागाईतदाराचा भाऊ जत्रेवरून घरी यायला निघतो आणि पोचत नाही. त्याची बायको दारात. एक म्हातारा फौजदार चौकशीला येतो. हा फौजदार कुणाच्या तोंडाकडे बघत नाही, चपलांकडे बघतो. कुणाची टाच झिजली, कुणाच्या तळाला कसली माती. शेवटी त्याला तो माणूस सापडतो, शेतातल्या कोरड्या विहिरीत, आणि विहिरीत लोटणारा त्याचा सख्खा भाऊ असतो.

पावसाळ्यात लावणी उरकली की दुपारी पडवीत बायका जमायच्या, मी मोठ्यानं वाचायचे. पोशेऱ्याकडच्या आमच्या पाड्यात तेव्हा वाचणारी बाई मी एकटीच. ते पुस्तक किती वेळा झालं असेल! सगळ्यांना खुनी माहीत, तरी विहीर आली की सगळ्या चिडीचूप. फक्त एक जण ती विहीर कधी ऐकायची नाही, माझी धाकटी जाऊ. शेवटची पानं आली की ती पदर झटकून उठायची. "चुलीवरचं बघते गं बाय," म्हणायची आणि जायची. तिला कुणी थांबवायचं नाही.

कारण तिचाही माणूस पोचलेला नव्हता. माझा धाकटा दीर. दिवाळीनंतर भिवंडीकडे वीटभट्टीवर गेला, आमच्याकडचे जातात तसा. होळीला टोळी परत आली, हा नाही. मुकादम म्हणाला, "तो तर केव्हाच निघाला, घरी जातो म्हणाला." कुणी सांगितलं जव्हारच्या स्टँडवर चहा पिताना पाहिला. स्टँडवरून आमचा पाडा तो किती लांब? तेवढ्यात माणूस कुठं गेला, ते आजवर कळलं नाही. मूलबाळ नव्हतं त्यांना. माझा मुलगा तेव्हा अंगावर पिता होता.

जावेनं कुंकू पुसलं नाही. पुसायला कुणी सांगितलंही नाही. एकच गोष्ट गावाची अडायची, ती म्हणजे सोंग. आमच्या बोहाड्यात, म्हणजे देवीच्या उत्सवात मुखवटे घालून नाचतात त्यात, देवीशी लढणाऱ्या राक्षसाचं सोंग आमच्या घराण्याकडे आहे, आणि घराण्यात ते धाकट्या दिराकडे होतं. लाकडाचा मोठा मुखवटा, लाल जीभ, रंगवलेले डोळे. बघायला भोकं असतात, पण ती नाकाच्या खाली. म्हणजे सोंग बघतं एकीकडे आणि आतला माणूस भलतीकडे. ज्याच्याकडे सोंग, तो जिवंत असेस्तोवर दुसऱ्यानं ते तोंडावर घ्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. सोंग दुसऱ्याला दिलं म्हणजे पहिला गेला, हे बोलावं लागत नाही. जावेनं ते धडुत्यात गुंडाळून माळ्यावर ठेवलं. दरसाल गावकीची माणसं यायची, अंगणात बसायची, पाणी प्यायची आणि तशीच उठून जायची. देवीसमोर कुणीतरी तोंडाला रंग फासून उभा राहायचा. बरं नाही वाटायचं ते कुणालाच.

तर आता मालिका. आमच्या घरी टीव्ही आहे, सून शाळेत शिकवते. रविवारी दुपारी आठवड्याचे सगळे भाग एकदम दाखवायचे, तेव्हा बायका यायच्या. वीज गेली की शिव्या, आली की पुन्हा गप्प. आणि भांडणं तर काय सांगू! माझ्या पुस्तकातला फौजदार म्हातारा, याला दाढी आणि काळी गाडी.

"ह्यो कसला फौजदार? लग्नाला निघालेला नवरा दिसतो," शेजारची म्हातारी म्हणायची. तिच्या तोंडात सदा मिशेरी, त्यामुळे बोलायला ओठ कमी आणि डोळे जास्त.

"आजी, आता असेच असतात पोलीस," सून म्हणायची.

"असतील. पण चपला नाय बघत. चपला न बघता ह्याला काय डोंबल कळायचं!"

"आजी, त्याच्याकडे कॉम्प्युटर आहे."

"मंग कॉम्प्युटरला इचार म्हणावं, माझी कोंबडी कुणी नेली."

हसायच्या सगळ्या. अंगणवाडीची मदतनीस मात्र मालिकेच्या बाजूची. ती म्हणायची, पुस्तकातली बायको नुसती दारात उभी. हिला निदान बोलायला तरी दिलंय. ते मला मनातून पटायचं, पण मी पुस्तकाची माणूस, कबूल कशाला करीन? असे आमचे दोन पक्ष पडले होते. जाऊ कुठल्याच पक्षात नाही. ती दाराच्या चौकटीला टेकून बसायची, पटकन उठता येईल अशी.

शेवटच्या रविवारी मी तिच्याकडेच बघत होते. आता उठेल, मग उठेल. पडद्यावर कोरडी विहीर आली, माणसं दोर सोडायला लागली. जाऊ हलली नाही. दोर वर आला, रिकामा. विहिरीत कुणीच नाही! आणि मग दारात सावली पडली. बायकोनं वर पाहिलं. तो उभा. दाढी वाढलेली, केस पिकलेले. तिनं तांब्या पुढं केला, तो पाणी प्यायला, गाणं लागलं आणि मालिका संपली.

एकच गोंधळ झाला. म्हातारी तर उभीच राहिली.

"खोटा! साफ खोटा! बाईनं आम्हाला विहिरीत वाचून दाखवलाय त्याला. मेलेला माणूस हे जिता करतात!"

"बरं झालं केला," मदतनीस डोळे पुसत म्हणाली. "सारखं सारखं काय मरायचंच? एखादा येऊ दे की घरी."

"आजी, गोष्ट आहे ती," सून म्हणाली. "शेवट बदलला तर काय बिघडलं?"

"मंग उद्या बोहाड्यात राक्षसाला जिंकव, देवीला मार. काय बिघडलं!"

आणि बोहाड्याचं नाव निघालं तशा सगळ्या दाराकडे वळल्या. आम्हाला आठवलं, चौकटीशी कोण बसलंय ते. इतकी वर्षं जिच्यासाठी आम्ही ती पानं हळू आवाजात वाचली, तिच्यासमोर आम्ही त्या माणसाला मारत होतो, उठवत होतो.

जाऊ म्हणाली, "तो त्यो नाय."

"कोण, काकू?" सुनेनं विचारलं.

"जो आला त्यो. तिचा माणूस नाय त्यो. दुसराच हाय."

"अहो काकू, म्हातारपण दाखवायला दुसरा नट घेतलाय. माणूस तोच."

"त्वांड बदलल. पाय कसं बदलतील? जाताना डावं पाऊल वाकडं टाकत होता. आला तो सरळ चालत आला." ती उठली. "तिनं पाणी दिलं, पण वळखलं नाय तिनं. मी बघितलं ना तिच्याकडं."

आता हे बाहेरच्याला वेड्यासारखं वाटेल. पण आम्ही जन्मभर सोंगं बघितलेली माणसं. बोहाड्यात तोंडं झाकलेली असतात, तेव्हा आत कोण आहे ते आमची पोरंसोरंही पायावरून सांगतात. सोंग तेच राहतं, माणूस बदलतो, आणि पाय खरं बोलतात. टीव्हीवाल्यांनी उलटं केलं होतं. माणूस तोच म्हणाले आणि पाय बदलले. हे तिनं कसं मानावं? कुणी हसलं नाही. म्हातारीसुद्धा मिशेरी थुंकायचं विसरून तिच्या पाठीकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी मी अंगणात नाचणी पाखडत होते, तर ती समोर येऊन बसली. विहिरींनी तळ गाठला होता. पाणी लांबून आणल्यानं तिच्या चुंबळीची खूण अजून केसांवर होती.

"बाय, पुस्तकात काय हाय?"

मी सूप खाली ठेवलं. "तुला ठाव आहे."

"ठाव हाय. पण तू सांग."

मी सांगितलं. कोरडी विहीर, काठावर सोडलेल्या चपला, त्या बघून फौजदारानं डोक्यावरची टोपी काढणं, सगळं. पुस्तक आणायची गरज नव्हती. तिनं ऐकून घेतलं. चिमणी नाचणी टिपायला आली, तिलाही हाकललं नाही.

"आणि मंग तिनं काय केलं?"

"कुणी?"

"बायकोनं."

इतक्या वेळा वाचलं पण हे कधी मनात आलं नव्हतं. पुस्तक फौजदाराबरोबर गाव सोडून जातं. बायकोचं पुढं काही नाही. तसं म्हणाले तिला.

"टीव्हीतपण पाणी दिल्यावर काय केलं ते नाय," ती म्हणाली. "म्हंजी मेला तरी तिची गोष्ट नाय, आला तरी नाय." मग म्हणाली, "आता आला तरी त्यो कोण आसल गं? मी वाट बघते त्यो तर तरणा हाय."

पलीकडे तिच्या घरात माळ्यावर काहीतरी सरकल्याचा आवाज झाला. उंदीर असेल. दोघींनीही तिकडे बघितलं.

ती घरात गेली आणि धडुतं घेऊन आली. माझ्या मांडीवर ठेवलं. सोंग इतकं जड असेल असं वाटलं नव्हतं. "ह्या साली नाचवा. पण कुणाला देता ते मला सांगू नका. कुणीच सांगू नका."

गावकीनं सोंग माझ्या मुलाला दिलं. रंग उडाला होता तेवढा सूर्यमाळ गावाकडच्या एका जुन्या कारागिरानं लावून दिला. पाड्यात सगळ्यांना कळलं, पण जावेला कुणी सांगितलं नाही. आमच्या पाड्यात एवढी गोष्ट पोटात राहते, यावर माझा स्वतःचाच विश्वास बसला नसता.

बोहाड्याची सगळी सोंगं नाचून झाली की शेवटी देवी आणि राक्षस येतात, तेव्हा ऊन निघालेलं असतं. सांबळाचा ठेका घुमत होता. मी आणि जाऊ पुढं बसलो होतो. तिच्या हातात पाण्याचा तांब्या. राक्षस पडला, सोंग उतरवलं, की त्या घरच्या बाईनं आतल्या माणसाला पहिलं पाणी द्यायचं, अशी रीत. लग्न होऊन आल्यापासून तो नाहीसा होईपर्यंत तिनंच दिलं होतं.

राक्षस आला. माझा मुलगा, रोज शर्ट-पँट घालून कचेरीत जाणारा. मुखवटा चढवल्यावर तो माझा कुणीच राहिला नाही. जाऊ मान वर करून नुसती मुखवट्याकडे बघत होती. पायाकडे नाही. तिनं नजर एकदाही खाली येऊ दिली नाही. सगळी माणसं पायाकडे बघत होती आणि ही एकटी वर.

मी मात्र पाहिलं. आई आहे, कसं नाही पाहणार? पाय माझ्या लेकाचेच होते, अंगठ्याजवळची जखमसुद्धा. देवीनं तलवार उगारली तसा तो गर्रकन वळला, आणि वळताना त्यानं डावं पाऊल वाकडं टाकलं. माझा दीर नाचताना टाकायचा अगदी तसंच. त्यानं काकाला नाचताना पाहिलेलं नाही. त्याला कुणी शिकवलेलं नाही. एरवी तो तसा चालतही नाही. भोवतीच्या जुन्या माणसांमधून एक हुंकार निघाला आणि विरला.

जावेनं माझं मनगट धरलं. तिनं पाहिलं नव्हतं, पण तो हुंकार ऐकला होता.

"बाय, सांगू नको," ती म्हणाली.

राक्षस पडला. माणसं धावली, सोंगाच्या दोऱ्या सोडायला लागली. जावेनं तांब्या माझ्या हातात दिला, पदर झटकला.

"तू पाज पाणी. मी चुलीवरचं बघते."

आणि ती गर्दीतून वाट काढत घराकडे निघाली. मी तांब्या धरून उभी. बोहाड्याच्या सकाळी सगळा पाडा देवळापाशी जेवतो. त्या दिवशी तिच्या घरी चूल पेटवलेलीच नव्हती.