अठरा किलो

सकाळपासून बोचरा वारा सुटला होता. दाभणकाकांनी शटर अर्धंच वर केलं, नाहीतर फोमचा भुगा दुकानभर नाचला असता. टेबलावर एका टॅक्सीची मागची सीट उताणी पडली होती. तिची फाटकी शिवण उसवायला त्यांनी घेतली. गाड्यांच्या सीटा शिवण्यात बत्तीस वर्षं गेलेली. कॉलरला कायम दाभण खोचलेलं, बोलणंही तसंच टोचणारं, म्हणून हे नाव पडलं. खरं नाव शेजारचा पंक्चरवालासुद्धा विसरला होता.

त्यानं शटरखालून डोकं आत घातलं.

"काका, काटा दोनदा पुसलात. आज काय सोनं तोलताय?"

"तुझी अक्कल तोलतो, ये. काटा हलायचा नाही!"

काटा एरवी फोमच्या चिंध्या तोलायचा. आज त्यावर नात उभी राहणार होती. लेक तिला घेऊन यायची होती, आणि वरच्या फळीवर प्लास्टिकात गुंडाळलेली बूस्टर सीट वर्षभर तिची वाट बघत होती. पोराला उंच बसवणारी, म्हणजे गाडीचा पट्टा गळ्यावरून नि पोटावरून न जाता खांद्यावरून आणि कमरेच्या हाडांवरून जातो. तिच्या बुडावर छापलं होतं : वय किमान चार वर्षं, वजन किमान अठरा किलो. काकांना ते पाठ झालं होतं. जरा उशिरानं.

दोन वर्षांपूर्वी नात, म्हणजे भिंगरी, साडेतीन वर्षांची होती. वजन तेरा किलो. बालवाडीतून आजोबाच तिला आणायचे. लेकीनं त्यांच्या गाडीत लहान मुलांची पाच पट्ट्यांची सीट बसवून बजावलं होतं, "बाबा, चार वर्षं पुरी होऊन अठरा किलो भरेपर्यंत हिला यातच बसवायचं."

भिंगरी त्या पट्ट्यांत रोज भोकाड पसरायची. खिडकीबाहेरचं दिसायचं नाही म्हणे. आजोबांचा जीव तुटायचा.

"मापाचं मला शिकवते! नजरेनं कापलेला फोम माझा कधी सूतभर चुकला नाही."

त्यांनी ती सीट काढून माळ्यावर टाकली आणि भिंगरीला उंच बसवून गाडीचाच पट्टा लावता यावा म्हणून लाल रेक्झिनची झकास उशी शिवली. आत दुकानातला सगळ्यांत मऊ फोम घातला. नातीला कडक फोम कोण घालेल? तिथंच घात झाला.

चौकात कुत्रं आडवं आलं, काकांनी करकचून ब्रेक दाबला. धडक नाही, साधा ओरखडा नाही. पण मऊ उशी दबली, पोर पुढं घसरलं आणि कमरेचा पट्टा पोटात रुतला. आतून रक्तस्राव झाला. आठ दिवस दवाखान्यात.

लेक भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं ती उशी आणून बापाच्या मांडीवर ठेवली. "नजर चुकली, बाबा," एवढंच म्हणाली. तेव्हापासून भिंगरी त्यांच्या गाडीत बसली नव्हती.

लेकीची गाडी दारात थांबली. काकांनी शटर पूर्ण वर सारलं.

"बूट काढ. दप्तर ठेव. स्वेटरपण काढ."

"आजोबा, मी चिंधी आहे का?"

"तू अख्खा तागा आहेस. हलू नकोस, भिंगरे."

काटा थरथरला, थांबला. अठरा किलो सातशे. वय साडेपाच. काकांनी वाकून तीनदा वाचलं.

बूस्टर त्यांनी लेकीच्या गाडीत स्वतः बसवली. भिंगरीला वर बसवून पट्टा लावला, खांद्याशी बोट घालून बघितलं, मांड्यांवर खाली ओढून बघितला. जिथं हवा तिथंच बसला होता.

"आजोबा, माझी लाल उशी कुठंय?"

"उसवली."

"का?"

"कापणारा गाढव होता." भिंगरी खिदळली. लेक हसली नाही.

काका दार धरून उभे राहिले. मग एकदाचं विचारलं, "आता वय, वजन, सगळं बसतंय. शाळेतून मी आणत जाऊ का? अशीच दुसरी सीट घेतो."

लेक किल्लीशी चाळा करत राहिली. "नको, बाबा. ती घरी पोचेपर्यंत मला कामात लक्ष लागायचं नाही."

"बरोबर आहे."

"रविवारी जेवायला या."

"येतो."

गाडी वळेपर्यंत मागच्या खिडकीत एक हात हलत होता. तिला आता बाहेरचं दिसत होतं.

"काका, भरलं का सोनं?" पंक्चरवाल्यानं विचारलं.

"भरलं," काका म्हणाले, आणि आत गेले. टॅक्सीच्या सीटसाठी फोमचा नवा तुकडा टेबलावर पसरला. टेप लावून मोजला, खडूनं खूण केली. पुन्हा मोजला. मग सुरी उचलली.