साखळीतला ठोका

बस डेपोतल्या दोन साडूंचं आपसांत बोलणं नाही, ही बातमी चहाच्या टपरीवर रोज नव्याने उकळायची. कुणी म्हणे सासऱ्याच्या घरावरून बिनसलं, कुणी म्हणे दोघी बहिणींनीच काडी टाकली. बातमीला पाय नसले तरी टपरीवर तिला बसायला खुर्ची मिळते.

खरं कारण भलतंच होतं. थोरल्याला ऐकू येत नव्हतं. जन्म इंजिनांच्या गोंगाटात गेला. कान भाडेकरूसारखे एकेक सामान हलवत निघून गेले. आधी पाखरं गेली, मग बायकोची कुरकुर (याचं त्याला फारसं वाईट वाटलं नाही), आणि शेवटी नातीचं हसू. त्या दिवशी मात्र तो जेवला नाही.

काम दोघांचं. बसच्या तळाची झडप उघडायची, वर आडव्या पाइपाला चेन-पुली टांगायची आणि रेड्याएवढा गिअरबॉक्स उतरवायचा, दुरुस्त झाला की चढवायचा. थोरला बसमध्ये साखळीवर, धाकटा खाली खड्ड्यात. एकमेकांची तोंडं दिसत नाहीत. वरच्याने ऐकलं नाही तर खालच्याचा हात गेलाच.

धाकट्याने ओळखलं. पण कुणाला सांगितलं नाही. हाका मारणं सोडून गिअरबॉक्सवर पान्याने ठोके द्यायला लागला. एक म्हणजे उचला, दोन म्हणजे सोडा, भराभर म्हणजे थांबा. ठोका लोखंडातून साखळीत चढायचा आणि साखळीतून थोरल्याच्या तळहातात.

"काय हो, साडूशी बोलायला पाना लागतो?" लोक चिडवत.

"तुमची बायको तुमच्याशी लाटण्याने बोलते, ते चालतं?" धाकटा खड्ड्यातून विचारी.

मग साहेबांनी हौसेने विजेवर साखळी ओढणारा हॉइस्ट आणला. आता थोरल्याच्या हातात रबरी वायरीचं बटण. चालत्या साखळीला हात लावायची सोय नाही. आपल्याला ऐकू येत नाही, हे तेव्हाच त्याने सांगायला हवं होतं. पण सांगितलं की गेटवर राखणीचं स्टूल मिळणार, आणि साडूच्या डोक्यावर ते धूड दुसराच कुणी धरणार. त्याने बटण हातात घेतलं.

त्या सकाळी गिअरबॉक्स वर चढत होता. धाकट्याचा हात गिअरबॉक्स आणि बसच्या सांगाड्याचा दांडा यांच्यामध्ये अडकला. त्याने भराभर ठोके दिले. सगळ्या डेपोने ऐकले. बटण दाबलेलंच राहिलं.

दोन बोटं गेली.

दवाखान्यात साहेब चौकशीला आले, तेव्हा धाकटा म्हणाला, "ठोके द्यायला मीच उशीर केला."

थोरला खाटेच्या पायथ्याशी उभा होता. त्याला काही कळलं नाही. साहेब गेल्यावर थोरल्याच्या बायकोने त्याच्या तोंडासमोर तोंड आणून सांगितलं, "त्यांनी दोष स्वतःवर घेतलाय."

त्याने खाटेचा लोखंडी दांडा धरला. मग साहेबांच्या मागे जायला वळला, हात अजून दांड्यावरच. धाकट्याने धड हाताने स्टीलचा पेला उचलून दांड्यावर आपटला. भराभर, भराभर.

तळहातात ठोके आले. एकूण एक कळले. पण या वेळी थोरला थांबला नाही.

आता तो गेटवर स्टुलावर बसतो. टपरीवर म्हणतात, "बघा, भांडण होतंच. साडूची बोटंच घेतली त्याने."

त्याला ऐकू येत नाही, एवढं एक बरं.