बंगल्याच्या मालकाचं शेवटचं वाक्य

आमच्या भागात दिवाळी संपली की गावोगावी मंडई, म्हणजे एक दिवसाची जत्रा, भरते. पाहुणे येतात, लेकी-जावई येतात, सोयरिकीची बोलणी होतात आणि नाटक होतं. नाटक नसेल तर मंडईला अर्थ नाही, आणि फ्लेक्सवर मंडळाच्या अध्यक्षांचा फोटो नाटकाच्या नावापेक्षा मोठा नसेल तर नाटकाला.

गडचिरोलीजवळच्या एका गावाने यंदा मला भुताचं नाटक लिहायला सांगितलं. मी कॉलेजात जुन्या इंग्रजी भयकथा शिकवतो, म्हणून भुतं माझ्या ओळखीची असावीत असा त्यांचा समज. खरं तर त्या कथांमध्ये भूत फारसं काही करत नाही. रडतं, दार वाजवतं. सगळी भानगड बंगल्याच्या मालकाने करून ठेवलेली असते. दोष मात्र जातो वादळाला, शापाला, घराण्याच्या रक्ताला. मालक खिडकीशी उभा राहून उसासे टाकतो आणि वाचक त्याचीच कीव करतो. माझ्या नाटकात आलापल्लीच्या सागवानाचा बंगला होता, इस्टेटीसाठी माडीवर कोंडून मारलेला धाकटा भाऊ होता, आणि शेवटी मालकाला एकच वाक्य होतं : "हे मी केलं."

मालकाचं काम अर्थातच अध्यक्षांकडे. त्यांना सगळे भाऊ म्हणतात. आवाज भारदस्त, मिशी स्वतःची. प्रॉम्प्टिंगला त्यांची पुतणी. तिचं लग्न भाऊंनीच जमवलं होतं. मुलगा पितो हे त्यांना ठाऊक होतं, पण लग्नानंतर सुधारेल म्हणून ते कोणाला बोलले नाहीत. तो सुधारला नाही. ती घटस्फोट घेऊन माहेरी परतली. आता मंडईला भाऊंनी तिच्यासाठी दुसरे पाहुणे बोलावले होते. तिला चंद्रपूरला नर्सिंगला जायचं होतं. हे भाऊ सोडून साऱ्या गावाला माहीत होतं. म्हणजे भाऊंनाही होतंच.

दुपारची तालीम शेवटच्या प्रवेशाला आली. भाऊ छातीवर हात ठेवून म्हणाले, "हे होऊन गेलं!"

"हे मी केलं," पुतणीने सांगितलं.

"होऊन गेलं!"

"मोठेबाबा, 'मी केलं' लिहून हाय."

भाऊ माझ्याकडे वळले. "सर, काय बिघडते? आमच्या इथी असंच म्हणते."

ते खरं होतं. इथे कोणी ट्रॅक्टर नाल्यात घातला तरी ते 'होऊन जाते'; वाक्यात चालवणाऱ्याला जागाच नसते.

"मग भूत शांत कसं होणार?" मी विचारलं.

भूत झालेला शिंपी चादरीतून बोलला, "भाऊ, म्हणून टाका नं. मले चहा प्यायचा हाय."

"तू चूप बे! मेलेला माणूस हायेस तू."

"पण मेलो काऊन, ते तर सांगा!"

सगळे हसले. पुतणी हसली नाही. तिने संहिता मिटली.

"मोठेबाबा, तो पिते हे माह्यापासून कोणं लपवलं?"

भाऊंचे ओठ 'होऊन गेलं'मधल्या 'हो'साठी गोल झाले. आम्ही सगळ्यांनी पाहिलं. मग ते मिटले.

"मी," ते म्हणाले. त्या आवाजात भारदस्त काही नव्हतं. "मले माहीत होतं. मी लपवलं."

"मग येणाऱ्या पाहुण्यायले कोण नाई म्हणन?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जणू पुढचा संवाद माझ्या खिशात होता. मी पंख्याकडे पाहिलं.

भाऊंनी तिथेच, सगळ्यांसमोर फोन लावला. "रामराम पावणे. मंडईले या, नाटक पाहा, जेवून जा. पोरीचं मात्र जमत नाई... नाई, नाई, तिची काई चूक नाई. तिले शिकायचं हाय. मीच तिले न विचारता तुमाले बोलावलं."

पलीकडचा आवाज चढला. आम्हालाही ऐकू येऊ लागला. भाऊ उभ्यानेच सगळं ऐकून घेत होते. पुतणीने त्यांच्या मागे खुर्ची सरकवली.